मुंग्यांचा वाढदिवस

तो घरोघरी जाऊन झुरळं, ढेकूण, वाळवी आणि मुंग्या मारायचा. पाठीवर औषधाची टाकी, तोंडाला मास्क, हातात नळी. बारा वर्षं हेच काम केलेलं, हात चांगला बसलेला. पण कोणी विचारलं तर म्हणायचा, "फवारणीचं बघतो." ऐकणाऱ्याला वाटायचं, बागेची असेल. तोही ती समजूत तशीच राहू द्यायचा.

त्याची मुलगी पाच वर्षांची होणार होती. एका जागी ठरत नसे म्हणून घरात तिला भिंगरीच म्हणत. मात्र जिन्याच्या खालच्या पायरीवर मुंग्यांची रांग लागली की ही बया तासभर जागची हलत नसे. वाढदिवसाला काय करायचं, असं आईने विचारलं, तेव्हा तिने परी मागितली नाही की राजकन्या. सगळ्यांनी मुंग्या व्हायचं आणि बिळातून जायचं, असं तिचं ठरलेलं होतं. मग बापाकडे वळून तिने अट घातली, "त्या दिवशी तू कोण्णाला मारायचं नाहीस."

आई हसता हसता खालीच बसली. बाप हसला नाही. जेवण झाल्यावर तो एकदम म्हणाला की बीळ करायचं तर नीट करायचं, त्यात कोठार हवं, अंड्यांची खोली हवी, आणि वाट सरळ असून चालणार नाही.

आई फ्रिज आणि वॉशिंग मशीनच्या दुकानात काउंटरवर बसायची. तिने नऊ रिकामे खोके मिळवले. सुट्टीच्या दिवशी दोघांनी ते कापून चिकटपट्टीने जोडले. बीळ दारापासून निघालं, सोफ्याला वळसा घालून जेवणाच्या टेबलाखालून गेलं आणि झोपायच्या खोलीत संपलं. डोक्यावरच्या मिशांसाठी केसांच्या पट्ट्यांना तार लावून त्यावर काळी लोकर गुंडाळली. भांडण झालं ते फक्त केकवरून. आईने तीन गोल केक एकापुढे एक ठेवले आणि प्रत्येकाला चॉकलेटच्या काड्यांचे दोन दोन पाय लावले. मुंगीचे सहाही पाय मधल्या भागातूनच निघतात म्हणत त्याने ते सगळे उपसून मधल्या केकला लावले.

"पाहुणे काय पाय कुठून निघालेत ते बघत बसणार आहेत?" ती म्हणाली.

"मी बघणार," तो म्हणाला.

राणी कोण, हा प्रश्न मात्र सुटेना. भिंगरीला राणी व्हायचं नव्हतं. राणी नुसती बसून अंडी घालते, आणि तिला तर ओझी उचलायची होती.

वाढदिवसाला बारा मुलं आली. एका मुलाला सोडायला त्याची आई आली होती, दातांची डॉक्टर. ती दारातूनच परतणार होती, पण भिंगरीने तिचा हात धरला आणि राणी मिळाली असं जाहीर केलं. आढेवेढे घेऊन काही उपयोग झाला नाही. दोन मिनिटांत डॉक्टरीणबाई झोपायच्या खोलीत उशांच्या ढिगावर बसल्या होत्या, भोवती अंडी म्हणून पांढरे फुगे. उठायचं नाही, असा हुकूम होता.

बापाने त्यांना लगेच ओळखलं. मागच्याच महिन्यात तो त्यांच्या दवाखान्यात फवारणीला गेला होता, सुट्टीच्या दिवशी, मागच्या दाराने. गाडी पलीकडच्या वळणावर लावा, असा निरोपही आला होता. मास्कमुळे त्यांनी ओळखलं नसेल, अशी त्याने मनाची समजूत घातली आणि खेळ सुरू केला. संत्र्याच्या रसात बुडवलेले कापसाचे बोळे त्याने बिळात जागोजागी ठेवले होते. डोळे बांधून, वास घेत घेत मुलांनी वाट काढायची. मुंग्यांना वासावरून रस्ता कळतो, दोघी भेटल्या की मिशा लावून चौकशी करतात, हे तो सांगत गेला आणि मुलं तोंड उघडं टाकून ऐकत राहिली. मग प्रत्येक मुंगी केकचा एक तुकडा घेऊन रांगत राणीकडे गेली. दातांच्या डॉक्टरसमोर केकचे तेरा तुकडे जमा झाले.

"तुम्हाला हे सगळं कसं माहीत?" त्यांच्या मुलाने भिंगरीच्या बापाला विचारलं.

न्यायला आलेले दोघे-तिघे आईबाप खोलीच्या दारात उभे होते. फवारणीचं नेहमीचं उत्तर त्याच्या जिभेवर आलं होतं. पण भिंगरी त्याच्याकडेच बघत होती.

"मी मुंग्या मारतो," तो म्हणाला. "तेच माझं काम आहे. मारायच्या आधी त्या कुठून येतात ते शोधावं लागतं. तासन् तास बघत बसावं लागतं. आणि बघता बघता त्या आवडायला लागतात."

 मग उशांच्या ढिगावरून आवाज आला.

"माझ्या दवाखान्यातली झुरळं यांनीच घालवली," डॉक्टरीणबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "एक उरलं नाही."

दारात कोणीतरी फिस्सकन हसलं. मग एका बापाने घसा खाकरून गादीतल्या ढेकणांचा विषय काढला. दुसऱ्याच्या दाराच्या चौकटीला वाळवी लागली होती. बघता बघता मोठी माणसंही सतरंजीवर बसली, आणि तो केकची बशी हातात धरून वाळवी भिंतीत कशी शिरते ते सांगू लागला. बायको त्याच्याकडे बघत राहिली. लग्नाला आठ वर्षं झाली होती, पण परक्यांसमोर एवढं बोलताना तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं.

बीळ आणखी नऊ दिवस घरात तसंच होतं. मोठी माणसं अंग चोरून वावरली. भिंगरी कोठारातच झोपायची, आणि सकाळी शाळेसाठी तिला उठवायला बाप गुडघ्यांवर रांगत आत जायचा.