उंदरांनी मान झटकली नाही

वहिनी मुळातच संशयी. शेजारीण गोड बोलली की 'हिला आता काय हवंय?' हा प्रश्न त्यांना आधी पडायचा. औषधांच्या प्रयोगशाळेत त्या उंदरांची खोली सांभाळत. दीर ऐन उमेदीत नशेच्या गोळ्यांपायी वाया गेले होते, मोठ्या कष्टाने सावरले. वहिनींनीच शब्द टाकून त्यांना तिथल्या भांडारात चिकटवलं. भांडाराची किल्ली दिरांकडे, आणि वहिनींचा एक डोळा कायम दिरांवर.

त्या वर्षी एका नव्या भुकटीवर काम चाललं होतं. माणसाला नसलेले रंग दाखवणाऱ्या औषधांच्या जातीची, प्रयोगशाळेतच जुळवलेली, फारशी कुणाला माहीत नसलेली. उंदराला काय दिसतं हे त्याला विचारायची सोय नाही. म्हणून खूण एकच: मेंदूतल्या ठरावीक पेशींना औषध भिडलं की तो कानात पाणी गेल्यासारखी मान झटकतो. किती झटकतो, त्यावरून औषधाचा जोर कळतो.

एका सकाळी वहिनींनी पिंजरा आणून दिला, प्रयोग करणाऱ्या मॅडमनी त्या औषधाची सुई टोचली आणि उंदीर ढिम्म. मान झटकायचं सोडा, मिशा साफ करत बसले. वहिनींच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. भांडारातून आलेल्या औषधाच्या कुपीतला माल कुणीतरी काढून घेतला आणि दुसरंच काही भरलं. किल्ली कुणाकडे? कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, असं पुटपुटत त्या भांडारात शिरल्या.

"भाऊजी, पिशवी दाखवा."

"का हो वहिनी, काय झालं?"

"आधी दाखवा."

दोन कारकून बघत होते. दिरांनी पिशवी टेबलावर उपडी केली. डबा, चष्म्याचं घर, धुतलेला रुमाल. वहिनींनी डबा उघडून भाजीत चमचा फिरवला, रुमाल झटकला, खिसेही उलटे करायला लावले. काही सापडलं नाही. पण म्हणून संशय थोडाच जातो? फारच हुशारीने लपवलंय, असं त्यांना वाटलं.

दुपारी मॅडमनी उलगडा केला. पिंजरा काल औषध दिलेल्या उंदरांचाच होता. या औषधाची खोडच अशी, की एकदा दिलं की त्या पेशी काही दिवस दार लावून बसतात. लगेच पुन्हा तेवढंच द्या, परिणाम नावालाच. त्याच कुपीतलं औषध नव्या उंदरांना दिलं, तर ते भराभर माना झटकू लागले. कालचा पिंजरा पुन्हा उचलून आणला होता वहिनींनी. जगाला पारखून घेणाऱ्या बाईने स्वतःच्या हाताकडे मात्र कधी बघितलं नव्हतं.

वहिनींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या तशाच भांडारात गेल्या.

"चुकलं माझं, भाऊजी."

"असू द्या हो. माझा इतिहासच तसा आहे," दीर हसून म्हणाले. वहिनींच्या जिवात जीव आला. मिटलं एकदाचं, असं त्यांनी घरी नवऱ्यालाही सांगितलं.

रविवारी दीर जेवायला आले. पोटभर जेवले, भावाशी गप्पा मारल्या. त्यांच्या चेहऱ्यावर रागाचा मागमूसही नव्हता. निघताना मात्र ते दारात थांबले, पिशवीचं तोंड उघडून वहिनींपुढे धरलं, आणि त्या आत बघेपर्यंत तसेच उभे राहिले.