बिनहलगीचा सत्कार

माझा धाकटा भाऊ हवाई दलात आहे. तो विमान उडवत नाही, उडायच्या आधी विमानाला खालून बाँब लावतो. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पिंगळीजवळच्या आमच्या गावात निम्म्या लोकांना तो पायलटच वाटतो आणि माय कुणाला दुरुस्त करत नाही.

त्या उन्हाळ्यात अतिरेक्यांनी फिरायला गेलेल्या साध्या माणसांना गोळ्या घातल्या. काही दिवसांनी सरहद्दीजवळच्या तळावरून भावाचा फोन आला, "आक्का, आता माझा फोन बंद राहील. मायला बातम्या बघू देऊ नको." मी बोरीहून, म्हणजे माझ्या सासरहून, मिळेल त्या एसटीनं माहेर गाठलं. बातम्या बघू देऊ नको म्हणे! तिनं टीव्हीसमोर चूल मांडायचीच काय ती बाकी ठेवली होती.

एका सकाळी टीव्ही ओरडायला लागला, आपल्या विमानांनी पलीकडचे अतिरेक्यांचे अड्डे उडवले. गल्लीत पेढे वाटले गेले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? लय बरं वाटलं. पण मग पलीकडूनही आपल्या विमानतळांवर मारा सुरू झाल्याची बातमी आली आणि मायनं उठून टीव्हीच बंद केला. भावाचा फोन लागेना. ती रस्त्याकडं तोंड करून दारात बसली ती जेवायलाही उठेना.

बाहेर ओट्यावर शेजारचे काका माझ्या वडिलांशी, आबांशी, वाद घालत होते. "चार मारले तर आणखी चार येतील. विमानं पाठवून काय फायदा?"

आबा टीव्हीवरच्यांसारखे ओरडत नाहीत. ते म्हणाले, "तुमच्या हरभऱ्यात कुणी मुद्दाम जनावरं सोडायलाय, अन् सकाळी म्हणतंय, माझी न्हाईत. तुमी किती दिवस नुसती जनावरंच हाकलत बसणार? आखीर मालकाच्या दारात जावंच लागतं. सोडली की कुणीतरी आपल्या दारापर्यंत येतंय, हे त्याला कळलं पायजे."

"मग तो सुधारतो व्हय?"

"सुधारायचा न्हाई. पण एक हंगाम तरी बांधून ठेवील. तेवढ्यात पीक घरात येतं की."

मला ते पटलं. पण मालकाच्या दारात जाणाऱ्यांत आपलं लेकरू असलं, की पटलं तरी हात पुन्हा पुन्हा फोनकडंच जातो.

दुपारी माय एकदम उभी राहिली. रस्त्यानं गावातली जाणती माणसं येत होती. पुढं सरपंच. त्यांच्या हातात पांढरी टोपी आणि घडी घातलेला टॉवेल. कुणीच बोलत नव्हतं.

आमच्याकडं टोपी-टॉवेल सगळ्यालाच लागतो. लग्नात सोयऱ्याला, सत्कारात पाहुण्याला, आणि घरातलं कुणी गेलं की दुखवट्यात मागं राहिलेल्यालाही तोच. फरक एवढाच, की सत्काराला लोक हलगी वाजवत येतात आणि दुखवट्याला मुक्यानं, मान खाली घालून.

मायनं त्या खाली घातलेल्या माना पाहिल्या, टोपी पाहिली आणि हंबरडा फोडला. "माझं लेकरू गेलं गं बाई!" आबांच्या हातातला तांब्या पडला. मी तिला धरायला गेले. मलाही तेच वाटलं होतं.

सरपंच लगबगीनं पुढं आले. मग हात जोडून म्हणाले, "मावशी, रडू नका. तसं काईच न्हाई. तुमचा पोरगा देशासाठी तिकडं उभा हाय, म्हणून आमी आबांचा सत्कार करायला आलोत."

"मग मुक्यानं कशाला आलात?" मी कडाडले. "गावातली हलगी फुटली का? जीव घेता का माझ्या मायचा?"

"वाजवू वाटंना, बाई," ते खाली बघत म्हणाले. "ज्यांची माणसं मारली, त्यांच्या घरी अजून रडारड चालू हाय. अन् आपुन वाजतगाजत जायचं?"

माझ्या तोंडात पुढची शिवी तयार होती. ती तिथंच गिळली. एवढा विचार करणाऱ्या माणसांना काय बोलणार! माय डोळे पुसत म्हणाली, "आपल्या दारात चुकून आली. त्यांच्या दारात खरीच आली असंल गं टोपी." आबांनी सगळ्यांना चहा पाजला, टॉवेल खांद्यावर घेतला, पण टोपी घातली नाही. "त्याचा फोन येऊ द्या," म्हणाले.

लढाई थांबली आणि फोन आला. माय काही विचारेचना, नुसतं "बोल, बोलत राहा" म्हणत होती. तो बिचारा काय बोलणार? तिकडचं ऊन किती कडक आहे, तेच पुन्हा पुन्हा सांगत राहिला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. किती जणांचे उपकार मानावेत कळेना. जे उडाले त्यांचे, खाली तळावर ज्यांनी माझ्या भावाला जपलं त्यांचे, आणि हो, त्या बिनहलगीच्या माणसांचेही. शेजारच्या काकांना आबांचं बोलणं अजून पटलेलं नाही. न का पटेना. ते हंगामाचं बोलणं खरं ठरो, एवढंच मी देवाला म्हणते.

दिवाळीत भाऊ सुट्टीवर आला. फराळ झाल्यावर मायनं ट्रंकेतली टोपी काढून आबांपुढं धरली. "घाला आता. आलं की तुमचं लेकरू."

आबांनी ती हातात घेतली, उलटीपालटी केली. भावाच्या डोक्याजवळ धरून माप बघितलं आणि परत मायच्या हातात दिली.

"नीट ठेव," म्हणाले. "माझ्या दुखवट्याला ह्याला घाला. बापामागं लेकाच्या डोक्यावर, अशीच जायची असती टोपी."

"सणासुदीचं काय अभद्र बोलता हो!" माय केवढ्यानं तरी खेकसली. आबा मात्र हसत होते. इतके खूश ते मला माझ्या लग्नातही दिसले नव्हते.