गेरूचं बोट

कोंडीबाला अक्षर वाचता येत नव्हतं, पण मेंढीचा डोळा वाचता यायचा आणि या गोष्टीचा त्याला भारी माज होता. असू द्या. ज्याच्या अंगी एकच विद्या, त्यानं तिचा माज करायचा नाही तर कशाचा करायचा? वारंगा फाट्यापासून दोन कोसांवर माळाच्या कडेला त्याचं घर, घरामागं काट्यांचा वाडा आणि वाड्यात साठ-सत्तर मेंढरं. हिंगोलीचा तेव्हा अजून जिल्हा व्हायचा होता. पण कोंडीबाकडं माणसं मेंढरं हाकत कळमनुरीच्याही पलीकडून यायची.

मेंढीच्या पोटात जंत झाले की ते तिचं रक्त पितात. मेंढी चरते तशीच, पण कळपात मागं पडायला लागते. लोकर निस्तेज होते. माती चाटते, भिंती चाटते. पुढं जबड्याखाली पाणी उतरतं, आणि मग एक दिवस बसली की उठत नाही. कोंडीबाच्या बापानं यावर एक काढा शोधला होता म्हणा, किंवा त्याच्याही बापाकडून घेतला होता म्हणा. पळसपापडी, म्हणजे पळसाच्या चपट्या बिया, आणि जोडीला वावडिंग. त्यात गुपित असं काही नव्हतं. गुपित होतं ते काढा कुणाला पाजायचा यात. धडधाकट मेंढराला त्यानं ढाळ लागतात, म्हणून जिला गरज तिलाच पाजायचा, असा बापाचा दंडक होता.

मग औषधाच्या दिवशी कोंडीबा सकाळी दगडावर बसायचा, उन्हाकडं पाठ करून नाही, तोंड करून नाही, बरोबर तिरका. एकेक मेंढी गुडघ्यांत धरायची, अंगठ्यानं डोळ्याची खालची पापणी ओढायची आणि आतला रंग बघून ओरडायचं. ‘तांबडं’ म्हणजे मेंढी ठणठणीत. ‘गुलाबी’ म्हणजे लक्ष ठेवा. ‘पांढरं’ म्हणजे अंगात रक्त राहिलं नाही. शेजारी त्याची बायको केशरबाई गेरूची वाटी घेऊन उभी असायची. ‘पांढरं’ असं कानावर आलं की ती गेरूत बोट बुडवून मेंढीच्या कपाळावर ओढायची. मग कपाळावर खूण असलेल्या तेवढ्या मेंढ्या वेगळ्या काढायच्या आणि उपाशीपोटी बांबूच्या नळीनं काढा पाजायचा. वीस-बावीस वर्षं दोघांनी हे काम असं केलं. त्याचा शब्द आणि तिचं बोट यांत कधी चूक झाली नाही.

लोक म्हणायचे, कोंडीबाच्या हाताला गुण आहे. खरं सांगायचं तर हात केशरबाईचे होते. उन्हाळ्यात पळसाखाली वाकून शेंगा वेचायच्या, बिया भिजवायच्या, सालं काढायची, पाट्यावर वाटायच्या, उकळायचं, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळायचं, हे सगळं तिच्याकडं. तेही अनवाणी. कोंडीबाच्या पायात मेंढक्याच्या जाड वहाणा असत, खिळे ठोकलेल्या. केशरबाईनं एकदा बाजाराच्या दिवशी म्हटलं होतं, “मलाबी एक जोडा आणा.” कोंडीबा त्या दिवशी म्होरक्या एडक्याच्या गळ्यात बांधायला घंटा घेऊन आला. जोडा विसरला. केशरबाई घंटा वाजवून बघत म्हणाली, “आवाज चांगला हाये.” जोड्याचा विषय तिनं पुन्हा काढला नाही.

एका वर्षी जनावरांचे डॉक्टर विजयकुमार गावात आले. तरुण माणूस, पण मान वर करून बोलणारा नव्हे. अर्धा दिवस दगडाशेजारी बसून त्यांनी सगळं बघितलं. मग जमलेल्या माणसांना म्हणाले, “सगळ्यांना सरसकट औषध पाजलं की जंतही त्या औषधाला सरावतात. हे निवडून पाजतात, हेच बरोबर आहे.” कोंडीबाची छाती केवढी फुगली असेल! डॉक्टर जाता जाता आणखी एक गोष्ट सांगून गेले. “कोंडीबा, घरातल्या माणसांचेही डोळे बघत जा. जंत माणसालाही होतात, तेही रक्तच पितात.”

कोंडीबा हसला. “सायेब, जंत दवाच्या गवतावरून पोटात जातेत. म्हणून तर मी दव वाळल्याबिगर मेंढरं सोडत न्हाई. आमी काय गवतात तोंड घालून चरून राहिलो का?”

सगळी माणसं हसली. चहा घेऊन आलेली केशरबाईसुद्धा हसली आणि हसता हसता दाराच्या चौकटीला धरून दम खायला थांबली. तिच्याकडं कुणी बघितलं नाही.

त्यानंतरची चार-पाच वर्षं कोंडीबाला पुढं आयुष्यभर पुन्हा पुन्हा आठवायची होती, पण जगताना त्यानं ती सहज घालवली. केशरबाई माती खायला लागली. पोतेऱ्याची पांढरी माती चुलीत भाजून ती कनवटीला ठेवायची आणि काम करता करता तुकडा तोंडात टाकायची. बाया खातात माती, त्यात नवल नाही. कोंडीबा चेष्टा करायचा. “केशर, तू अशीच भिंत खात राहिली तर पुढच्या साली घर उघडं पडंल.” तीही हसून म्हणायची, “पडू द्या, मेंढरांत झोपू.” पावसाळ्यात तिच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुटायची, चिखल्या म्हणून ती राख लावायची. पाणी आणताना चढावर दोनदा टेकायची. शिवकन्येचं, त्यांच्या एकुलत्या लेकीचं, कुरुंद्याला लग्न झालं तेव्हा पाठवणीच्या वेळी केशरबाईचं तोंड सुजलेलं होतं. रडून सुजलं असेल, असं सगळ्यांनी धरलं. सूज आठ दिवसांनीही उतरली नव्हती. कोंडीबा म्हणाला, “वय झालं आपलं.” ती तेव्हा चाळिशीचीही नव्हती.

मेंढी मागं पडली, मेंढी माती चाटते, मेंढीच्या जबड्याखाली पाणी उतरलं, ही तिन्ही लक्षणं हा माणूस झोपेतसुद्धा सांगू शकला असता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. याचा वळसा तर वीस गावांचा होता. पण त्याला दोष देताना माझीही जीभ अडखळते. बायकोच्या डोळ्यांत निरखून बघायची रीत त्या घरात नव्हतीच. तिनंही आपण होऊन कधी काही सांगितलं नाही. औषधाच्या दिवशी ती त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी असायची, तोंडावर ऊन घेऊन, आणि तो शंभर मेंढ्यांच्या पापण्या ओढून बघायचा.

दोन हजार दोन सालची गोष्ट. दिवाळी झाली होती, औषधाचा दिवस होता. कोंडीबा ‘पांढरं’ म्हणाला आणि मेंढी गुडघ्यांत धरून खुणेची वाट बघत राहिला. बोट आलं नाही. त्यानं खेकसून म्हटलं, “काहून थांबली?” वर बघितलं तर केशरबाई वाटी छातीशी धरून खाली बसत होती. मग ती आडवी झाली. गेरू सगळा मातीत सांडला.

बैलगाडीतून फाट्यापर्यंत आणि फाट्यावरून जीपमधून तिला हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण बाई पोक्त होत्या. त्यांनी केशरबाईची नाडी बघितली, पायाची सूज दाबून बघितली आणि मग अंगठ्यानं तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढली. कोंडीबा खाटेच्या पायथ्याशी उभा होता. खिडकीतून ऊन तिरकं येत होतं, बघायला पाहिजे तसंच.

“पांढरं,” तो म्हणाला.

बाईंनी वळून बघितलं. “तुम्हाला कळतं यातलं?”

“कळतं बाई. मला तेवढंच कळतं.”

तपासणीत जंतच निघाले. बाईंनी त्याला बाकावर बसवून समजावून सांगितलं. हे जंत गवतातून येत नाहीत. लोक उघड्यावर शौचाला बसतात तिथल्या ओल्या मातीत असतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. वर्षानुवर्षं रक्त पितात. औषध साधं आहे, पण आता हृदय थकलंय. कोंडीबानं सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, “पायातून?” बाई म्हणाल्या, “हो. पायात वहाण असती तर कदाचित...” पुढचं त्या बोलल्या नाहीत. एडक्याची घंटा त्याच्या डोक्यात वाजायला लागली ती थांबेचना.

रक्ताची एक बाटली चढली. दुसऱ्या दिवशी केशरबाईनं डोळे उघडले आणि हळू आवाजात विचारलं, “त्या मेंढीला काढा पाजला का? खूण राहिली बगा तिची.” तो म्हणाला, “पाजला.” पाजला नव्हता. तिसऱ्या दिवशी ती गेली.

नवऱ्यामागं न राहता सवाष्ण गेली, भाग्याची म्हणून बाया तिचं कौतुक करत होत्या. हे कौतुक कोंडीबाला ऐकवेना. न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं. बोटाच्या पेरातला गेरू पाण्यानं निघाला नाही. मग रीतीप्रमाणं मळवट भरायला कोंडीबाला पुढं बोलावलं. कुणीतरी कुंकवाचा करंडा त्याच्या हातात दिला. त्यानं बोट बुडवलं, तिच्या कपाळावर ओढलं आणि तिथंच वाकून राहिला. बाया म्हणाल्या, “आता पुरं, उठा.” तो खालीच बघून बोलत होता. “ही खूण मी लई उशिरा केली. आधी करायची होती ग, आधी.” काय बोलतोय ते बायांना कळलं नाही. शिवकन्येला कळलं. ती लहानपणी गेरू वाटून द्यायची.

पुढं कोंडीबानं मेंढरं ठेवली, पण लोकांचं औषध बंद केलं. कुणी आलंच तर काढा कसा करायचा ते सांगायचा आणि जाताना विचारायचा, “घरच्या बाईच्या पायात वहाण हाये का?” माणसं म्हणायची, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. तसं समजा.

शिवकन्या वर्षातून दोनदा माहेरी येते. पाय धुवायला पाणी द्यायच्या आधी तो तिच्या पायांकडं बघतो. मग तिला अंगणातल्या त्या दगडावर बसवतो, तोंडावर तिरकं ऊन येईल असं. अंगठ्यानं पापणी ओढतो. मेंढीचा तो एकच डोळा बघायचा, तेवढ्यात त्याला कळायचं.

“तांबडं हाये ना आबा?” ती विचारते.

“व्हय, तांबडं हाये,” तो म्हणतो. “थांब, दुसरा बगू दे.”