जाड पाईपला घाम

हणमंतअण्णा माझ्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही. दारात चपला काढल्या, हॉल ओलांडला आणि थेट बाल्कनीत गेले. बेंगळूरातल्या व्हाइटफील्डच्या त्या फ्लॅटमध्ये मी आदल्याच दिवशी सामान आणून टाकलं होतं. बाल्कनीत एसीचं बाहेरचं मशीन होतं. त्याला जोडलेल्या तांब्याच्या दोन पाईपांपैकी जाड पाईपवरचा काळा फोम अण्णांनी मागे सरकवला, वैद्य नाडी बघतात तशी तीन बोटं पाईपवर टेकवली आणि डोळे मिटले. मी हातात झाडू घेऊन उभी. अनोळखी म्हातारा आपल्या बाल्कनीत डोळे मिटून उभा राहिला तर काय करायचं असतं, हे मला सोलापुरात कोणी शिकवलं नव्हतं.

"एसी सुरू करा," डोळे न उघडता ते म्हणाले. "आणि कॉफी ठेवा."

कॉफी हे पाहुणचाराचं कलम नव्हतं, तपासणीचं होतं. मशीन सुरू केल्या केल्या पाईपला हात लावायचा नाही, त्याला स्वल्प वेळ द्यायचा, आतला गॅस नीट फिरू द्यायचा, असा अण्णांचा नियम होता. तो वेळ म्हणजे एक फिल्टर कॉफी होऊन, पिऊन संपेपर्यंतचा. कॉफी बिनसाखरेची, कारण अण्णांना मधुमेह होता. शेवटचा घोट घेऊन ते पुन्हा बाल्कनीत गेले, गार पडून थेंबांनी ओलावलेल्या पाईपवर बोटं टेकवली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"जाड पाईपला घाम फुटलाय. सरी! गॅस भरपूर आहे. तुमचं नाव काय म्हणालात?"

मी काहीच म्हणाले नव्हते. मग नाव सांगितलं, गाव सांगितलं. त्यातलं गाव तेवढं त्यांच्या लक्षात राहिलं आणि त्या दिवसापासून मी त्यांची 'सोलापूर' झाले.

अण्णांचं घराणं बेंगळूरात इतक्या पिढ्यांचं की आपण महाराष्ट्रातून आलो याची त्यांना कोणीतरी मुद्दाम आठवण करून द्यावी लागे. घरात मराठी, पण तिच्यात कन्नड, 'सरी' म्हणजे ठीक, 'सुम्ने' म्हणजे उगाच, असं मुरलेलं की कुठलं कुठलं ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. नोकरी सगळी एसी बसवणाऱ्या एका कंपनीत गेली, सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले. मुलगी लग्न होऊन परदेशात गेली आणि तिच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये अण्णा आणि त्यांची बायको, अक्का, राहायला आले. आमच्याच मजल्यावर, समोरच्या दारात. "आमच्या काळात बेंगळूरात पंखा लावला तर लोक विचारायचे, घरात कोणाला ताप आहे का? आता बघ, कबुतरं बसायला जागा नाही एवढी मशीनं!" हे ते कुरकुरत म्हणत, पण त्या मशीनांकडे बघताना त्यांची नजर नातवंडांकडे बघावं तशी असायची.

त्यांचा खरा राग होता तो 'गॅस संपला' या दोन शब्दांवर. कोणी लिफ्टमध्ये सहज म्हणालं, "एसीतला गॅस संपलाय वाटतं," की अण्णा लिफ्टचं दार धरून ठेवत. "संपायला ते काय स्कूटरचं पेट्रोल आहे? गॅस संपत नाही, पळतो. पळाला तर कुठून पळाला ते शोधा की! सुम्ने भरत बसायचं नाही." वरच्या मजल्यावरची माणसं बटण दाबून दाबून थकत. शेवटी सगळ्यांनी लिफ्टमध्ये हवापाण्याबद्दल बोलणंच सोडून दिलं.

प्रेशर मोजायचं गेज त्यांच्याकडे होतं, निळ्या-लाल नळ्यांचं, पण ते सहसा पिशवीतून बाहेर येत नसे. गेज लावताना आणि काढताना दर वेळी थोडा गॅस जातोच, असं त्यांचं म्हणणं. "भेटायला आलेल्या डॉक्टरानं दर खेपेला रक्त काढलं तर चालेल का तुला? आधी हात लाव. हातात सगळं आहे." गळती शोधायला मात्र एक हत्यार कायम खिशात असे. दाढीचा ब्रश. साबणाचा दाट फेस करून ते पाईपच्या जोडावर अगदी प्रेमाने फासत आणि बुडबुडा फुगतोय का ते बघत बसत. खालची पोरं ओरडत, "अण्णा एसीची दाढी करतायत!" अण्णांना त्यात वावगं काही वाटत नसे. गॅसबद्दल त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "कमी वाईट, जास्त त्याहून वाईट." हेच वाक्य ते सांबारातल्या मिठाला, पावसाला आणि सासुरवाडीच्या माणसांनाही लावत.

शेवटचं उदाहरण आलं की अक्का आतून भांडं आपटत. अक्कांचा एसीवर जुना राग होता आणि त्याला कारण होतं. मुलीच्या लग्नात कन्यादानाची वेळ झाली आणि मुलीचा बाप मांडवात नाही! शोधाशोध झाली. अण्णा कार्यालयाच्या गच्चीवर, सोवळं नेसून, बाहेरच्या मशीनपाशी उकिडवे बसलेले. हॉल नीट गार होत नव्हता म्हणे. त्यांना तसंच खाली आणलं. "माझ्या लेकीचं कन्यादान फेसाच्या हातांनी झालंय," अक्का मला भेटतील तेव्हा सांगायच्या. "मुलाकडच्या भटजींना वाटलं, इकडची काहीतरी पद्धत असेल."

एका एप्रिलमधल्या सकाळी अण्णा नेहमीसारखे तपासणीला आले. मी घाईत कॉफी ठेवली आणि एसी सुरू करायचंच राहून गेलं. खाली रस्त्यावर खोदकामाचा असा दणदणाट चालला होता की मशीन बंद आहे हे कळायला मार्ग नव्हता. अण्णांनी कॉफी संपवली, बाल्कनीत जाऊन बोटं टेकवली, डोळे मिटले. वरच्या मजल्यावरच्या कुंड्यांचं पाणी पाईपवर टपटपत होतं. "बघ, कसा घाम फुटलाय!" अण्णा खुशीत म्हणाले. "बर्फासारखा गार आहे. फर्स्ट क्लास!"

मी हळूच पाईपला हात लावला. सकाळच्या उन्हानं तो चांगलाच तापला होता. मला हसू फुटलं, आणि फुटता फुटताच विरलं. गेले काही महिने माझ्याकडची कॉफी अण्णा डबऱ्यात, म्हणजे खालच्या पसरट वाटीत, न ओतता, स्टीलचा कढत पेला तसाच मुठीत धरून पीत होते. मला वाटायचं, म्हातारा ऐट करतोय.

संध्याकाळी मी अक्कांकडे गेले. त्या मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा करत होत्या. मी कसंबसं सांगितलं. त्यांनी दोऱ्याची गाठ मारली आणि म्हणाल्या, "ठाऊक आहे ग मला. दिवाळीपासून. साखरेनं बोटं मारून टाकलीत त्यांची. आंघोळीचं पाणी गार की कढत, ते कळत नाही. पण विचारतील तर शपथ! 'आज पाणी कसलं काढलंयस,' म्हणून भांडण काढतात. मीपण भांडते. भांडता भांडता सांगून टाकते."

"मग पाईप?"

"पाईपचं मला कसं विचारतील? त्याच्यापायी मी जन्मभर त्यांच्याशी भांडलेय." हे म्हणताना त्या हसल्या, पण डोळे भरले होते.

आणि नेमकं त्याच आठवड्यात क्लबहाउसचं प्रकरण उपटलं. तिथला एसी दर उन्हाळ्यात रुसायचा आणि दर उन्हाळ्यात त्यात गॅस भरला जायचा. सर्व्हिसवाला मंजुनाथ येऊन "गॅस कमी आहे" म्हणून गेला. मीटिंगमध्ये सेक्रेटरी मूर्तींनी तसं सांगताच अण्णा ताडकन उठले, मागच्या दारानं बाहेर जाऊन पाईप धरून आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "गॅस भरपूर आहे. फिल्टर धुवा. मी चुकलो तर या सोसायटीत पुन्हा पाईपला हात लावणार नाही!" रविवारी सगळ्यांसमोर तपासणी ठरली.

पाईप हाच अण्णांचा दिवस होता. सकाळी चार घरं, संध्याकाळी दोन. त्यात बोलणं, चालणं, मिरवणं, सगळं आलं. तेच गेलं तर हा माणूस खुर्चीत बसून भिंतीकडे बघत राहील, हे मला स्पष्ट दिसत होतं.

रविवारी क्लबहाउसच्या मागे जत्रा जमली. अक्का चांगली साडी नेसून, हातात कॉफीचा थर्मास घेऊन खाली आल्या. "तू कशाला आलीस?" अण्णा गुरगुरले. "वर उकडतंय," अक्का म्हणाल्या. मशीन सुरू झालं. नियमाप्रमाणे कॉफी प्यायली गेली. मंजुनाथनं पिशवीतून गेज काढलं, अण्णांकडे पाहिलं आणि परत ठेवून दिलं. भला माणूस. म्हणाला, "तुम्ही मोठे आहात सार. तुम्ही गार म्हणालात तर गार. मी फिल्टर धुऊन जातो."

म्हणजे आता सगळं एका शब्दावर आलं. अण्णांनी तीन बोटं टेकवली. डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच ठेवले. मग उघडले आणि गर्दीत इतकी माणसं असताना फक्त अक्कांकडे पाहिलं. त्या नजरेत मी अण्णांना पहिल्यांदाच घाबरलेलं पाहिलं.

अक्का पुढे झाल्या. थर्मास माझ्या हातात दिला, पदराला हात पुसला आणि आयुष्यात पहिल्यांदा एसीच्या पाईपवर हात ठेवला. 'गार आहे' एवढं म्हणायचं होतं फक्त. मी मनात म्हणत होते, म्हणा अक्का, म्हणून टाका. त्या अण्णांकडे बघत हळू आवाजात म्हणाल्या, "गार नाही हो. डब्यातल्या पोळीइतका कोमट आहे. घाम तर नाहीच."

अण्णांनी मान हलवली. मग छाती पुढे काढून, अगदी मीटिंगमधल्या आवाजात म्हणाले, "गॅस कमी आहे! मंजुनाथ बरोबर. मी चूक." लगेच एक बोट वर. "पण कमी आहे म्हणजे पळालाय. सुम्ने भरू देणार नाही मी. कुठून पळाला?" खिशातून ब्रश निघाला. फेस झाला. एकेका जोडाची दाढी सुरू झाली. मूर्तींनी घड्याळ पाहिलं, पोरं खिदळली आणि तेवढ्यात अक्का ओरडल्या, "अहो, तो बघा, फुगतोय!" मशीनजवळच्या जोडावर एक टपोरा बुडबुडा फुगत होता. दर उन्हाळ्यातला गॅस जात होता तो तिथून. मंजुनाथनं तो जोड नव्यानं बांधायला घेतला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, एसीला की अण्णांना, कोण जाणे.

"मी शब्द दिला होता," टाळ्या थांबल्यावर अण्णा म्हणाले. "आजपासून माझा हात पाईपला लागणार नाही." अण्णांनी फेसानं भरलेल्या हातानं अक्कांचा हात धरून वर केला. "हिचा लागेल."

तेव्हापासून जोडी फिरू लागली. कॉफीचे पेले दोन झाले, एक बिनसाखरेचा आणि एक दोघांची साखर घातलेला. अक्का पाईपला हात लावून सांगत, "उतरवून ठेवलेल्या सांबारासारखा," किंवा "माठातल्या ताकासारखा," आणि अण्णा त्यावरून निदान करत. दोघांचं त्यावर भांडणही होई. ताक सकाळचं की दुपारचं, हे ठरल्याशिवाय अण्णा निकाल देत नसत. त्या दिवसांत मी त्यांना जितकं हसले तितकंच मला ते हवेहवेसे वाटत.

अण्णा यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर गेले. सकाळी झोपेतून उठलेच नाहीत. मुलगी पोचायला दुसरा दिवस उजाडणार होता, म्हणून दुपारी अण्णांना ठेवायला काचेची फ्रीझरपेटी आणली. हॉल माणसांनी भरला होता. हेब्बाळची भाचरं, के. आर. पुरमचे व्याही, मूर्ती, मंजुनाथसुद्धा. अक्का एका कोपऱ्यात कोरड्या डोळ्यांनी बसून होत्या. पेटी सुरू झाली, तशी ती घरघर ऐकून त्यांनी मान वर केली. उठून पेटीच्या पायथ्याशी आल्या.

"आत्ताच सुरू केलीत?" त्यांनी पेटीवाल्याला विचारलं. तो हो म्हणाला. अक्का माझ्याकडे वळल्या. "सोलापूर, कॉफी ठेव."

नातेवाईक एकमेकांकडे बघू लागले. धक्का बसलाय, कोणीतरी पुटपुटलं. मी कॉफी केली. अक्कांनी ती उभ्यानंच, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. पेला माझ्याकडे दिला. मग पेटीच्या मागे गेल्या, वाकल्या, तिथल्या जाड पाईपवर तीन बोटं टेकवली आणि डोळे मिटले.

"घाम फुटलाय हो," त्या काचेतल्या अण्णांना म्हणाल्या. "सरी आहे. झोपा आता."