सांडणीच्या चाळीस ओळी

फोन आला तेव्हा मी पुण्यात भावाकडे मेथी निवडत बसले होते. आमच्या शेजारीणबाई रडत म्हणाल्या, "भाभी, श्रीकांतभाई नहीं रहे..." आणि मला आधी रागच आला. दहाच दिवसांपूर्वी याच माणसाने, माझ्या नवऱ्याने, मला अबूधाबीच्या विमानतळावर सोडलं होतं. खलिफा सिटीतल्या आमच्या घरापासून तिथवर तो फक्त गाडीच्या गिअरबॉक्सबद्दल बोलला होता.

दर उन्हाळ्यात हेच. मुलाला घेऊन मी भारतात निघायचे, हा नोकरीपायी मागे राहायचा आणि निरोपाच्या वेळी विषय काय, तर ब्रेक, टायर, एसी. "लवकर ये" म्हणायला काय जात होतं त्याचं? इतक्या वर्षांत एकदाही नाही.

आणि या गृहस्थाला वेड कशाचं, तर जुन्या अरबी कवितांचं! ऑफिसातल्या एका अरब सहकाऱ्याकडून चिकाटीने भाषा शिकला आणि सुट्टीच्या दिवशी त्या कविता मराठीत उतरवत बसायचा. तपासायला मी होतेच. त्या कवितांत प्रेयसीचा तांडा निघून गेलेला असतो. कवी तिच्या विझलेल्या चुलीपाशी उभा राहतो, चार ओळी रडतो, आणि मग स्वतःच्या सांडणीचं, म्हणजे बसायच्या उंटिणीचं, वर्णन सुरू करतो. तिची मान, तिच्या मांड्या, तिची उन्हातली चाल... चाळीस ओळी! एकदा वैतागून मी लाल पेनने त्या सगळ्या खोडल्या. म्हटलं, "अरे, ती बाई गेली ना? मग हा सांडणीचं काय घेऊन बसलाय?"

"मग कशाचं बोलणार?" एवढंच म्हणाला आणि चाळीसच्या चाळीस ओळी पुन्हा लिहून काढल्या. इतका हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

सगळं उरकल्यावर नीरज, आमचा मुलगा, पंधरा दिवस अबूधाबीच्या घरी माझ्याजवळ राहिला. गेल्या आठवड्यात तो कॅनडाला परत निघाला, तेव्हा श्रीकांतची गाडी मीच काढली. विमानतळाच्या दारात सामान उतरवून नीरजने मला जवळ घेतलं. "आई, विल यू बी ओके? टेल मी ऑनेस्टली."

खूप सांगायचं होतं. घर खायला उठतं, अजून चहा दोन कप टाकते, तू जाऊ नकोस...

"मागच्या डाव्या टायरात हवा कमी वाटतेय," मी म्हणाले. "आणि गिअरबॉक्स एकदा दाखवायला हवा."

तो आत गेला तरी मी टायरकडेच बघत उभी होते.