चारशे बारा जीव, एक बादली

प्रमाणित करण्यात येते की श्री. बसलिंगप्पा शिवप्पा कोरे, पद प्रयोगशाळा परिचर (प्राणिशास्त्र), राहणार उदगीर, ओळखीची खूण उजव्या भुवईवर जुना व्रण, यांनी या महाविद्यालयात एकतीस वर्षे दोन महिने अखंड सेवा बजावली. सेवाकाळात त्यांच्याविरुद्ध कोणतीही चौकशी प्रस्तावित अथवा प्रलंबित नाही. त्यांच्या हातून कोणत्याही प्रकारची जीवितहानी झाल्याची नोंद कार्यालयीन दप्तरी आढळून येत नाही.

हा मजकूर विभागप्रमुख डॉ. हणमंतराव सरांचा. सर एरवी कागद न वाचता सही करतात. हा तर स्वतः लिहिला.

बसलिंगप्पांना सगळे अप्पा म्हणतात. लिंगायत माणूस, गळ्यात इष्टलिंग, घरात अंड्याचं चित्रही नको. नोकरी निघाली ती मात्र प्राणिशास्त्रात. गणितात निघाली असती तर खडू देण्यात आयुष्य सुखात गेलं असतं, पण संस्थेला माणूस पाहिजे होता आणि अप्पांना पगार. पहिली काही वर्षं मुलांना कापायला बेडूक पुरवणं हे त्यांचं काम. चाळीस मागितले की अप्पा अडतीस आणत आणि म्हणत, "साहेब, यंदा पाऊस कमी हाय." उरलेले दोन ग्रंथालयामागच्या विहिरीत पोहत असत. पुढे बेडूक कापणं बंद करणारं परिपत्रक आलं, तेव्हा अप्पांनी विभागात पेढे वाटले. कशाचे म्हणून कुणी विचारलं नाही. पेढ्याला कारण विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

अप्पांना एक सवय होती. साठा नोंदवहीच्या शेवटच्या पानांवर, फुटलेल्या काचनळ्यांच्या यादीनंतर, ते एक वेगळी यादी ठेवत. मथळा: 'जीव सोडले'. खाली तारीख, वेळ, ठिकाण, संख्या. तपासणीला येणारे सगळे त्या वहीवर शिक्का मारून जात. एवढ्या मागचं पान वाचायची वेळ कुणावर आली नाही.

याच विभागात उज्वला सोनकांबळे तासिका तत्त्वावर शिकवते. देगलूरची मुलगी, याच प्रयोगशाळेत शिकली, म्हणून अप्पा तिला ताई म्हणतात. कायम जागेसाठी पीएचडी हवी, आणि तिची नोंदणी येत्या मार्चअखेर संपत होती. तोवर प्रबंध गेला नाही तर सहा वर्षं रद्दी आणि तासिका जन्मभर.

विषय हणमंतराव सरांनी दिला होता: फायसा नावाच्या परदेशी गोगलगायीचा जनुकीय अभ्यास. नखाएवढी, तोंड डावीकडे, आणि जोडीदाराशिवायही वंश वाढवणारी. ती इकडे आली कुठून, हे डीएनएवरून शोधायचं. लोकांना उत्तर आधीच माहीत होतं. उदगीरकर म्हणत बीदरहून आली, देगलूरकर म्हणत तेलंगणातून, नांदेडवाले म्हणत पुण्याहून. मूळची ती अमेरिकेची, पण अमेरिकेवर कुणाचा संशय नव्हता. अमेरिकेतलं कोण उदगीरला येतंय?

चार वर्षांपूर्वी पहिली फेरी झाली. जीप, जाळं, स्पिरिटच्या बाटल्या, झाकणाची निळी बादली आणि अप्पा. प्रत्येक ठिकाणी तीसच गोगलगायी पाहिजे होत्या; जाळ्यात यायच्या दीड-दोनशे.

"अप्पा, तीस घेतल्या. बाकीच्या टाकून द्या."

"कुठं टाकू?"

"उन्हात टाका. मरतील तासाभरात. परत पाण्यात नका सोडू, घाण आहे ती."

अप्पांचं तोंड असं झालं, जणू त्यांच्या ताटात कुणी बोंबील वाढला.

"हाव. बघतो."

सरकारी नोकरीत 'बघतो' याचा अर्थ काय होतो हे उज्वलाला कळायला हवं होतं. पण ती तासिका तत्त्वावर होती.

उदगीर झालं, देगलूर झालं, नांदेडचा नाला झाला. तिन्ही ठिकाणी फायसाच फायसा. दुसऱ्या दिवशी सकाळी किनवट. जंगलाच्या कडेला आश्रमशाळेमागचं तळं, पाणी इतकं स्वच्छ की तळाचे गोटे मोजावेत. चाळीस वेळा जाळं टाकलं. देशी गोगलगायी भरपूर, फायसा एकही नाही. उज्वलानं सहामाही अहवालात लिहिलं, 'किनवट: शून्य'. सरांनी सही केली.

दोन वर्षांनी दुसरी फेरी. अप्पांचा गुडघा धरला होता, ते आले नाहीत. या वेळी किनवटचं तळं फायसानं खच्चून भरलेलं. नमुने हैदराबादला गेले, निकाल आला. उदगीरची गोगलगाय एका वाणाची, देगलूरची दुसऱ्या, नांदेडची तिसऱ्या. किनवटात मात्र तिन्ही वाण एकत्र.

सर खुर्चीतून उठले. ही घटना विभागात दुर्मीळ.

"उज्वला, नियम काय सांगतो? जिथं विविधता जास्त, तिथं मूळ. किनवटहूनच ही बाकी मराठवाड्यात पसरली!"

"पण सर, पहिल्या फेरीत तिथं एकही नव्हती."

"तुम्हाला दिसली नसेल. जाळं नीट टाकलं नसेल."

आठवड्यात वर्तमानपत्रात सरांचा फोटो आला, 'परकीय गोगलगायीचे मूळ किनवटात'. आश्रमशाळेचे मुख्याध्यापक फलक लावायला निघाले. फलकावर 'आशिया खंडातील' असं घालावं का, हे विचारायला त्यांनी फोनही केला.

उज्वलाला मात्र ते शून्य टोचत होतं. फेब्रुवारी लागला. अप्पा काचनळ्या धूत होते, ती शेजारी डोकं धरून बसली होती.

"अप्पा, किनवटात तिन्ही वाण कसे हो निघाले?"

"निघणारच की ताई. मीच सोडल्या ना."

नळ चालू होता. उज्वलानं तो बंद केला.

"काय सोडल्या?"

"बादलीतल्या. जाळं आवरून तुम्ही आश्रमशाळेत जेवाया बसलात तवा. उदगीरच्या, देगलूरच्या, नांदेडच्या, समद्या. लई निर्मळ पाणी होतं. म्हणलं, गटारीत जल्मल्या बिचाऱ्या, आता जरा बरे दिवस काढू द्या."

"अप्पा, माझी सहा वर्षं पाण्यात घातलीत तुम्ही!"

"असं काहून म्हणून राहिलात? तुम्हीच म्हणला, परत त्याच पाण्यात सोडू नका. मी सोडल्या का?"

उज्वलानं हताशपणे विचारलं, "किती होत्या, काही अंदाज?"

"अंदाज कशाला?" अप्पांनी हात पुसले आणि साठा नोंदवही आणली. शेवटचं पान. ऑगस्टची तारीख, दुपारी दीड, किनवट. उदगीर १६०, देगलूर १४२, नांदेड ११०. एकूण जीव सोडले ४१२. शेजारी बारीक अक्षरात: 'वाटेत मेले ३, पुरले.' वर तीन वेगवेगळ्या तपासणी समित्यांचे शिक्के.

ती वही घेऊन ती सरांकडे गेली. सरांनी पान वाचलं आणि दार लावून घेतलं.

"हे लिहायचं नाही. 'मानवी हस्तक्षेप' एवढंच लिहा. मानव म्हणजे कुणीही."

"सर, मानव बाहेर चहा ठेवून राहिलाय."

"पेपरात आलंय आता! किनवट मूळ आहे. तसं लिहिलं तर उद्या सही देतो. नाहीतर मार्च लांब नाही."

उज्वलानं पिशवीतून सहामाही अहवाल काढला.

"मूळ म्हणून लिहिते सर. फक्त परीक्षकांनी हे विचारलं तर काय सांगू? 'किनवट: शून्य.' खाली सही आपली. 'स्वतः पडताळून पाहिले' असंही छापलेलं आहे."

सरांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः सही केलेला कागद वाचला. दोनदा वाचला. मग पेन मागितलं. प्रबंध तीस मार्चला दुपारी नांदेडच्या विद्यापीठात पोचला, पाचव्या प्रकरणात बादलीसकट.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक होते, कोरड्या चेहऱ्याचे. त्यांनी थेट पाचवं प्रकरण उघडलं.

"या गोगलगायी तळ्यात कुणी सोडल्या?"

"आम्ही," उज्वला म्हणाली. मागच्या रांगेत हणमंतराव सर छताकडे बघत होते.

परीक्षक नोंदवहीच्या झेरॉक्सवर बराच वेळ थांबले. "परका जीव एखाद्या पाण्यात शिरतो ते कधी, किती, कुठून, हे कुणालाच माहीत नसतं. आम्ही अंदाजावर जगतो. इथं तारीख आहे, वेळ आहे, गावनिहाय संख्या आहे. असा प्रयोग करायची परवानगी तुम्ही मागितली असती, तर मीच पहिला नाकारली असती." त्यांनी प्रबंध मिटला. "पण झालाच आहे, तर उत्तम झाला आहे."

पदवी मिळाली. बाहेर येताच सर चार लोकांत म्हणाले, "मीच आग्रह धरला होता, खरं ते लिहा म्हणून." प्रबंधाच्या ऋणनिर्देशात अप्पांचं नाव आहे: 'नमुना संकलन व विसर्जन'.

निवृत्तीच्या कार्यक्रमात सरांनी प्रमाणपत्र मोठ्यानं वाचलं. जीवितहानीच्या वाक्याला थांबून म्हणाले, "या माणसानं मुंगीसुद्धा मारली नाही." टाळ्या झाल्या. अप्पांनी खांद्यावरची शाल सावरली आणि पहिल्या रांगेत बसलेल्या उज्वलाकडे वाकले. ती मागच्याच आठवड्यात किनवटला जाऊन आली होती.

"ताई, बऱ्या हायेत ना माझ्या?"

"लई बऱ्या हायेत अप्पा. सगळं तळं भरलंय."

"आन् तिथल्या आधीच्या?"

तेवढ्यात फोटोवाल्यानं अप्पांना समोर बघायला सांगितलं.

मागच्या आठवड्यातही उज्वलानं किनवटच्या तळ्यात चाळीस वेळा जाळं टाकलं होतं. देशी गोगलगाय एकही आली नव्हती.