दसऱ्याचा फिल्टर

माझ्या हातून छापून गेलेलं सगळ्यात खोटं वाक्य चारच शब्दांचं आहे. या पंपावर भेसळ आहे. ते मी लिहिलं, सगळ्यात मोठ्या टाइपात घ्यायला लावलं आणि खाली सही केली. दुसरी सही मिस्त्रीकाकांची होती.

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. बाजारातल्या खोट्या मापाबद्दल, बंद झालेल्या एसटीच्या फेरीबद्दल, शाळेच्या गळक्या छपराबद्दल. बाबा लिहायचे आणि त्यांचे मित्र मिस्त्रीकाका ती जळगाव जामोदभर चिकटवायचे. काकांचं ट्रकचं गॅरेज होतं आणि पत्रकांसाठीची खळही तिथेच शिजायची. बाबा गेल्यावर मी काकांकडूनच लिहायला शिकले. त्यांचे दोन नियम होते. नाव घेतल्याशिवाय आरोप करायचा नाही, आणि ज्याच्यावर आरोप करायचा त्याला कागद छापण्याआधी दाखवायचा. "मांगून बोललं का चुगली होते पोरी," ते म्हणायचे. "समोर वाचून दाखवलं का मंग ते पत्रक."

दादाचा जुना ट्रक त्या हिवाळ्यात दगा देऊ लागला. सपाटीवर व्यवस्थित चालायचा, पण संत्री भरून सातपुड्याच्या चढाला लागला की दम सोडायचा आणि अर्ध्या चढावर बंद पडायचा. काकांनी नवा डिझेल फिल्टर बसवला. फरक पडला नाही. आणखी दोनदा त्यांनी बॉनेट उघडलं, आणि शेवटी हात पुसत म्हणाले, "गाडीत काई नाही. डिझेलच खराब आहे. तू लिहिनं आता."

मी त्याच दुपारी लिहायला बसले. दादा डिझेल भरायचा त्या गावातल्या पंपाच्या मालकाला आधी दाखवायचं ना, असं मी काकांना विचारलंही होतं.

"याले कायले दाखवा लागते? दाखवलं का हा टाकी धुऊन मोकळा होईन."

मला ते पटलं. राग आलेला असला की असलं काहीही पटतं.

पत्रक लागल्याच्या तिसऱ्या दिवशी पंपमालक आमच्या दारात आला. हातात डिझेलची बाटली होती. "ताई, माह्या पंपावर घनता मोजाची बरणी आहे, भेसळ असली तं दिसते. तुमच्या हातानं मोजून पाहा, मंग काय लिहायचं ते लिहा." मी त्याला ओट्यावरूनच सुनावलं की चोराच्या मापाने चोरी मोजायची नसते. या वाक्याचा मला फार अभिमान वाटला. काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. पंपावरची ट्रॅक्टरची रांग आठवड्याभरात आटली.

दादाही मग शेगावहून डिझेल भरू लागला. ट्रक तरी चढावर बंद पडायचाच.

"आता शेगाववाल्यावर पत्रक काढ," दादा म्हणाला. "मंग अकोल्याच्या. तू लिहीत जाय, मी ढकलत जातो."

कुठल्याशा ढाब्यावर त्याला एका ड्रायव्हरने सांगितलं होतं की डिझेलच्या लाइनीवर दाब दाखवणारा काटा बसव, रोग कुठे आहे ते कळेल. काकांना विचारलं तर ते उखडले. "काटा पाहून गाडी सुधरत असती तं घड्याळवाल्यानं गॅरेज खोललं असतं बे!"

तरी आम्ही दोघं खामगावला गेलो. दुकानदाराने आधी दहा किलोपर्यंतचा काटा पुढे केला. ऑइलच्या दाबासाठी सगळे तोच नेतात. पण आमच्या गाडीत फिल्टरच्या लाइनीला दाब असतो जेमतेम एक-दीड किलो, तो दहाच्या तबकडीवर काय दिसणार? चार किलोचा घेतला. त्यातही एक कोरडा होता आणि एक ग्लिसरीन भरलेला. "आपल्या रोडवर कोरडा काटा कव्वालीतल्या मानेवानी हालन," दादा म्हणाला, आणि ग्लिसरीनवाला पिशवीत गेला. दादाला तो केबिनमध्ये स्टिअरिंगसमोर हवा होता. दुकानदाराने हात जोडले. डिझेलचा पाइप केबिनमध्ये नेऊ नका, फुटला तर अंगावर येईल. काचेच्या बाहेर, ड्रायव्हरला दिसेल असा लावा.

रविवारी सकाळी अंगणातच बसवला. काकांना बोलावलं होतं, ते आले नाहीत. जोडाच्या आट्यांवर मी टेप गुंडाळायला घेतली तर दादा ओरडला, तिचा तुकडा आत गेला तर गाडीचा डिझेलपंप जाम होईल. मग तांब्याचे वॉशर घातले, इंजिनावरच्या हातपंपाने लाइनीतली हवा काढली आणि इंजिन सुरू केलं. काटा आधी फिल्टरच्या पुढे जोडला होता, म्हणजे डिझेल गाळून बाहेर पडतं तिथे. एक किलो. दादाने रेस वाढवली तसा काटा खाली आला आणि शून्याला टेकला. मग तोच काटा फिल्टरच्या अलीकडे जोडला. कितीही रेस दिली तरी दीडच्या खाली येईना. अडलं होतं ते या दोन जागांच्या मध्ये, फिल्टरमध्ये.

मी टाळीच वाजवली. नवाकोरा फिल्टर काही आठवड्यांत तुंबला, म्हणजे डिझेलमध्ये घाण होतीच! दुसऱ्या पत्रकात त्याचा फोटो घालायचं मी ठरवूनही टाकलं. दादाने फिल्टर खोलून माझ्या हातात दिला.

दादाची एक सवय आहे. फिल्टर बसवताना तो त्याच्या पत्र्यावर खिळ्याने ओरखडून ठेवतो, कधी बसवला ते. फोटोसाठी मी डबा फडक्याने पुसत होते. ताज्या ओरखड्याच्या जरा खाली रंगाचा पोपडा उचकटला होता. मी तो नखाने काढला. खाली जुना, गंजलेला ओरखडा होता. ब्लेड आणून बाकीचा रंग खरवडला.

'दसरा', आणि पुढे किलोमीटरचा आकडा. दादाच्या वळणदार अक्षरात.

गेल्या दसऱ्याला गाडीच्या पूजेआधी बसवलेला हा फिल्टर. नवा आणून बसवण्याच्या आदल्या दिवशी काकांनीच तो काढून नेला होता, भंगारात टाकतो म्हणून. त्यांनी तो धुतला, रंगवला आणि नव्या खोक्यात घालून आम्हालाच परत विकला.

दादाने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "काकानं?" एवढंच.

मी डबा घेऊन गॅरेजवर गेले. काकांनी तो ओळखला. नाकारलंही नाही.

"धुऊन हवा मारली का चालते चार-सा महिने. सगळेच करतात."

"मंग डिझेलाचं काऊन सांगितलं?"

"तुले लिहायचंच होतं," ते म्हणाले आणि पुन्हा गाडीखाली शिरले.

मी रडले नाही, पण गॅरेजच्या भिंतीवर चिकटलेली बाबांची पत्रकं मला बघवेनात. ज्या माणसाने मला खरं लिहायला शिकवलं, त्याने माझ्याच हाताने खोटं लिहवून घेतलं. आणि त्याला ते जमलं, कारण मोजून पाहण्यापेक्षा मला लिहिण्याची घाई होती.

घरी येऊन मी नवं पत्रक लिहिलं. पंपावरचं डिझेल आम्ही तपासलंच नव्हतं. दोष फिल्टरमध्ये निघाला. तो फिल्टर कोणी विकला, त्याचं नाव. खाली दोन सह्यांची जागा. आणि नियमाप्रमाणे छापण्याआधी ते काकांना नेऊन दाखवलं.

त्यांनी ते दोनदा वाचलं. "तुह्या बापानं माहं नाव गाळलं असतं."

असेलही. मला अजून माहीत नाही. कागद त्यांनी सही न करता परत दिला. सहीच्या जागेवर त्यांच्या अंगठ्याचा काळा डाग तेवढा उमटला होता. पत्रक एका सहीने छापलं. खळ या वेळी मी घरी शिजवली, तिच्यात गुठळ्या झाल्या.

नव्या पत्रकाची पहिली प्रत मी पंपाच्या खांबावर लावली. मालक बाहेर आला, चष्मा लावून त्याने सगळं वाचलं.

"ताई," तो म्हणाला, "तवाचं अक्षर याच्याहून मोठं होतं."

खरं होतं. चूक कबूल करायला मी बारीक टाइप निवडला होता, आणि तो निवडताना माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. मी पत्रक खांबावरून काढलं. आता त्याच मोठ्या टाइपात पुन्हा छापायचं होतं, काकांच्या नावासकट. म्हणजे पुन्हा आधी दाखवायचं. ओलं पत्रक हातात घेऊन मी गॅरेजच्या रस्त्याला लागले.